महिना ७९ रुपयांचं होस्टिंग : घ्यावं की नाही?

‘स्वस्तात मस्त’ म्हणणारे होस्टेलमध्ये जितके सापडतील, तितकेच ‘स्वस्त शेवटी महागच पडतं’ असं सांगणारे स्टाफरूममध्ये सापडतील. सेकंडहँड सायकल असो, बाहेरची मेस असो, कुठलाही विषय काढा, हे दोन पक्ष तयारच! त्यात आता वेब होस्टिंगची भर पडली आहे. फेस्टची वेबसाइट, रोबोटिक्स क्लबची वेबसाइट, कुणाच्या काकांच्या दुकानाची वेबसाइट... दर सेमिस्टरला कुणी ना कुणी विचारतोच, “अरे, सगळ्यात स्वस्त होस्टिंग कुणाचं रे?”

मित्रहो, माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. लहान वेबसाइटला स्वस्त होस्टिंग पुरतं, अगदी व्यवस्थित पुरतं. दहा-बारा पानं, थोडे फोटो, एखादा फॉर्म आणि दिवसाला शे-दोनशे माणसं, एवढ्यासाठी महागडा सर्व्हर घेणं म्हणजे रूमवर दोघांचा चहा करायला मेसचं पातेलं उचलून आणणं. तेव्हा स्वस्त घ्या, जरूर घ्या. पण स्वस्तातला कोणता, हे ठरवताना आपण जाहिरातीतला आकडा बघतो. बघायला हवं ते हे, की उद्या या कंपनीशी पटलं नाही तर आपलं सगळं सामान घेऊन एका दुपारी निघून जाता येईल का? ज्याच्याकडून निघता येतं, तो होस्टिंगवाला घ्यायला हरकत नाही. ज्याच्याकडून निघता येत नाही, तो फुकट मिळाला तरी नको.

आधी किमतीचं गणित करू. समजा, जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘फक्त ७९ रुपये महिना’. (आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण साचा नेहमीचाच.) खाली बारीक अक्षरांत असतं, की हा भाव ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी. ७९ गुणिले ४८ म्हणजे ३,७९२. त्यावर १८ टक्के जीएसटी, जो जाहिरातीत बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. झाले ४,४७५ रुपये, आणि तेही आजच्या आज. चार वर्षांनी रिन्यूअलचा भाव समजा २४९ रुपये महिना. म्हणजे जीएसटीसकट वर्षाला ३,५२६. आपल्या कमिटीची मुदत असते एक वर्ष. आजची कमिटी चार वर्षांचे पैसे भरून मोकळी होणार, आणि रिन्यूअलचं बिल ज्यांच्या गळ्यात पडणार ती मुलं आत्ता कुठे अकरावीत असतील! म्हणून तुलना करायची ती रिन्यूअलच्या भावांची. आणि पहिल्यांदा घ्यायचं ते एक महिन्याचं. महिन्याचा भाव जास्त वाटतो खरा, पण ती परीक्षेची फी समजा. परीक्षा आपण घ्यायची, फीही आपणच भरायची!

दुसरा फसवा शब्द म्हणजे ‘अनलिमिटेड’. स्वस्त होस्टिंग म्हणजे बहुधा शेअर्ड होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बसवलेल्या असतात. तिथे ‘अनलिमिटेड’ याचा अर्थ अनलिमिटेड थाळीसारखाच. पोळ्या कितीही खा म्हणतात, पण वाढपी एकच आणि तो पोळी एकेक करून आणतो! जागा आणि बँडविड्थ ‘अमर्याद’ लिहिलेली असली तरी खरी मर्यादा वेगळ्याच ठिकाणी असते. प्रोसेसरचा किती हिस्सा मिळणार, मेमरी किती मिळणार, एकूण फाइली किती ठेवता येणार (याला इनोड म्हणतात) आणि एका क्षणी किती पानं एकदम तयार करून मिळणार (याला एन्ट्री प्रोसेस म्हणतात). नुसतं वर्डप्रेस टाकलं तरी हजारोंनी फाइली येतात, म्हणजे इनोडची मर्यादा काही पुस्तकी गोष्ट नाही. एन्ट्री प्रोसेसची मर्यादा स्वस्त प्लॅनमध्ये सहसा दोन आकडी असते. शेअर्ड होस्टिंगवर क्लाउडलिनक्स बरंच वापरलं जातं. त्यात ही मर्यादा ओलांडली की पाहुण्याला ५०८ नंबरची एरर दिसते, ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’.

एरवी याने काही बिघडत नाही. पण फेस्टचं रजिस्ट्रेशन रात्री नऊला उघडणार असं जाहीर करा आणि मग बघा गंमत. सगळं होस्टेल नऊला दोन मिनिटं असतानाच रिफ्रेश मारत बसतं! म्हणून विकत घेण्याआधी कंपनीला लेखी विचारा, की या चार मर्यादा किती आहेत? आकडे लहान असले तरी चालतील, लपवलेले नकोत. जी कंपनी ‘सर, अवर प्लॅन इज फुल्ली अनलिमिटेड’ एवढंच घोकत राहते, तिला तिथेच नमस्कार करा.

तिसरी गोष्ट ‘९९.९ टक्के अपटाइम’. ऐकायला किती छान! तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं. त्याचा एक हजारावा भाग म्हणजे ४३ मिनिटं. म्हणजे दरमहा पाऊण तास साइट बंद राहिली तरी शब्द पाळला गेला. आणि नाही पाळला तर? बहुतेक करारांत भरपाई म्हणजे भरलेल्या फीचाच काही हिस्सा पुढच्या बिलात वजा. ७९ रुपयांतले वजा होऊन होऊन किती होणार? मेसमध्ये एक वडापावसुद्धा येईल की नाही शंकाच आहे.

तेव्हा हमीवर विसंबू नका, मोजा. इंजिनिअरिंगला आलोय ते मोजायलाच ना? लॅबमधल्या एखाद्या मशीनवर किंवा रूममधल्या रास्पबेरी पायवर दर पाच मिनिटांनी साइट उघडून बघणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावा. कर्ल आणि क्रॉन एवढ्यावर काम भागतं. महिन्याला ८,६४० नोंदी होतील. त्यात आठ-नऊपेक्षा बऱ्याच जास्त नापास झाल्या तर ९९.९ चा दावा फोल. फक्त सोबत दुसरी एखादी भरवशाची साइटही तपासत राहा. नाहीतर होस्टेलचं नेट गेलं म्हणून बिचाऱ्या होस्टिंगवाल्याला शिव्या पडायच्या!

याच स्क्रिप्टने पहिला बाइट यायला किती वेळ लागतो हेही लिहून ठेवा. इथे सर्व्हर कुठे आहे याला महत्त्व येतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत अंतर साडेबारा हजार किलोमीटर. नुसतं जाऊन यायलाच १२५ मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. सुरक्षित पान उघडताना अशा दोन-तीन फेऱ्या आधीच होतात. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सर्व्हर मुंबईत असलेला बरा. हा काही देशाभिमानाचा मुद्दा नव्हे, फिजिक्सचा आहे! एक खबरदारी मात्र घ्या. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटला पिंग करून वेग ठरवू नका. ती बहुधा वेगळ्या, महागड्या व्यवस्थेवर असते. शोकेसमधली मिठाई आणि खोक्यातली मिठाई यांत फरक असतो.

“पण एवढं कशाला? इंटरनेटवर ‘टॉप टेन’ याद्या असतात की!” असतात ना. पण होस्टिंग कंपन्या गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला कमिशन देतात, आणि अशा बऱ्याच याद्यांतल्या लिंकवर क्लिक करून तुम्ही खरेदी केली की यादी लिहिणाऱ्याला पैसे मिळतात. सगळेच खोटं लिहितात असं नाही, पण एजंटाने दाखवलेली खोली आपण स्वतः जाऊन बघतोच ना? शिवाय यादीतली दहा नावं म्हणजे दहा वेगळ्या कंपन्या असतीलच असं नाही. एन्ड्युरन्स इंटरनॅशनल नावाच्या अमेरिकन कंपनीने २०१० मध्ये ब्लूहोस्ट आणि २०१२ मध्ये होस्टगेटर घेतली. पुढे २०१४ मध्ये आपल्याकडची, मुंबईच्या डिरेक्टीने सुरू केलेली बिगरॉकही तिच्याकडे गेली. २ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या तिच्या एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट अशा वेगवेगळ्या पाट्यांच्या वेबसाइट एकदमच झोपल्या. एका कंपनीवर साइट आणि ‘सेफ्टीसाठी’ दुसऱ्या कंपनीवर बॅकअप ठेवणाऱ्यांपैकी काहींना त्या दिवशी कळलं असेल, की आपली दोन्ही अंडी एकाच टोपलीत होती.

बॅकअपवरून आठवलं. ‘फ्री डेली बॅकअप’ हे वाक्य जाहिरातीत वाचून निर्धास्त होणारे खूप. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळून गेली. लाखो वेबसाइट बंद पडल्या आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी कित्येकांचा डेटा कायमचा गेला. ओव्हीएच ही काही टपरी नव्हे, युरोपातली नावाजलेली कंपनी आहे. मग ७९ रुपयांत आपण कुठली अपेक्षा ठेवायची? बॅकअप आपल्या हातात हवा. फाइली आणि डेटाबेस दोन्ही महिन्यातून एकदा उतरवून डिपार्टमेंटच्या मशीनवर ठेवा. आणि नुसता ठेवू नका, एकदा तरी तो दुसऱ्या मशीनवर चढवून साइट उभी राहते का ते बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स करून आणलेल्या नोट्स. असल्याचं समाधान मोठं, उपयोग किती ते पेपर हातात पडल्यावर कळतं.

सिक्युरिटीचंही तेच. २०१५ मध्ये ०००वेबहोस्ट या फुकट होस्टिंग देणाऱ्या सेवेतून एक कोटीहून अधिक खात्यांची माहिती फुटली, आणि पासवर्ड जसेच्या तसे, साध्या अक्षरांत साठवलेले निघाले. तेव्हा होस्टिंगच्या खात्याला जो पासवर्ड द्याल, तो तुमच्या ई-मेलचा असता कामा नये. दोन टप्प्यांचं लॉगिन आहे का, तेही बघा. आणखी एक सोपी कसोटी आहे. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून एसएसएल सर्टिफिकेट सगळ्यांना फुकट देते. तरीही साध्या साइटच्या सर्टिफिकेटसाठी जो वेगळे पैसे मागतो, तो आणखी कशाकशाचे मागेल याचा अंदाज करा.

आता मूळ मुद्दा, निघून जाण्याचा. इथे होस्टिंग आणि डोमेन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात घ्या. होस्टिंग म्हणजे खोली, डोमेन म्हणजे दारावरची पाटी. खोली बदलली तरी पाटी आपली राहिली पाहिजे. पण ‘होस्टिंगबरोबर डोमेन फ्री’ या आमिषाने आपण पाटीही घरमालकाच्याच नावावर करून बसतो. गेल्या वर्षी एका क्लबची साइट मी दुसरीकडे हलवून दिली. साइट हलवायला दोन तास लागले. डोमेन हलवायला लागणारा कोड त्या कंपनीकडून मिळवायला अकरा दिवस! आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या मॅनेजर रजेवर आहे, परवा ‘सर, आणखी एक वर्ष राहा, डिस्काउंट देतो’. वास्तविक डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅन या जागतिक संस्थेचा नियम आहे, की मालकाने मागितल्यावर हा कोड पाच दिवसांच्या आत मिळालाच पाहिजे. हा नियम मेलमध्ये लिहून पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी कोड आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच.

म्हणून माझी शिफारस अशी. डोमेन एका ठिकाणी घ्या, होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातच बघा, की डोमेनचं लॉक उघडून कोड स्वतःच्या स्वतः मिळतो का. नवं डॉट कॉम डोमेन पहिले ६० दिवस दुसरीकडे हलवता येत नाही, हेही माहीत असू द्या. पॅनेल कोणतं आहे ते विचारा. सीपॅनेलवरची साइट दुसऱ्या सीपॅनेलवर अख्खी उचलून नेता येते. २०१९ मध्ये सीपॅनेलने दर खात्यामागे पैसे आकारायला सुरुवात केल्यावर अनेक स्वस्त कंपन्यांनी दुसरी पॅनेलं वापरायला घेतली. ती वाईट असतात असं नाही, पण त्यांच्यातून बाहेर कसं पडायचं, ते आधी बघून ठेवायला हवं. आणि सपोर्टची परीक्षा शनिवारी रात्री अकरा वाजता घ्या. विक्रीच्या चॅटवर माणूस दहा सेकंदांत हजर होतो. खरं कळतं ते पैसे भरल्यावर टाकलेल्या तिकिटाला उत्तर यायला किती तास लागतात यावरून.

“हे सगळं कटकटीचं आहे, त्यापेक्षा गिटहब पेजेस घ्या, फुकट आहे,” असं आमच्या कॉम्प्युटर ब्रँचचे मित्र म्हणतील. त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरंच आहे. ज्या साइटवर नुसती माहिती आणि फोटो आहेत, तिला पीएचपी आणि डेटाबेस लागतच नाही. तिथे एक जीबीपर्यंतची साइट आणि महिन्याला शंभर जीबीपर्यंतची वाहतूक पैसे न देता चालते. आपल्या निम्म्या क्लबांना एवढं पुष्कळ झालं. पण फॉर्म, नोंदणी, दुकानाच्या ऑर्डरी आल्या की ते पुरत नाही. शिवाय फुकटालाही निघून जाण्याची कसोटी लावायलाच हवी. जिओसिटीज ही फुकट पानांची एके काळची सगळ्यात मोठी वसाहत. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. ज्यांनी आपली पानं आधी उतरवून घेतली नाहीत, त्यातल्या अनेकांची पानं गेली. स्वतःचं डोमेन असेल तर गिटहबवरून उठून दुसरीकडे जाणं हे एका संध्याकाळचं काम आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. इतका वेळ कंपन्यांची परीक्षा घेतली, पण गिऱ्हाइकाला अडकवण्यात आपण मुलंही मागे नाही. थर्ड इयरला खर्चाला पैसे हवेत म्हणून आपण गावातल्या दुकानदारांच्या वेबसाइट करून देतो. आमच्या गावच्या एका नर्सरीवाल्या काकांची साइट अशाच एका मुलाने केली. डोमेन स्वतःच्या नावावर, होस्टिंग स्वतःच्या खात्यात. पास झाला, बंगलोरला गेला, नंबर बदलला. काकांनी दुकानाचा फोन बदलला, तर साइटवर जुनाच नंबर! आंब्याच्या कलमांची गिऱ्हाइकं जून महिनाभर बंद नंबरवर फोन करत होती. मग एके दिवशी डोमेनची मुदत संपली आणि काकांच्या नर्सरीच्या नावावर ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसायला लागली. काका मला म्हणाले, “पोरा, त्याने पैसे जास्त घेतले असते तरी चाललं असतं, पण किल्ली मला द्यायची होती.” यापुढे मी काय लिहू?

मुदत संपलेलं डोमेन लगेच जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत काही दिवस साध्या भावात, त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून ते परत मिळवता येतं. पण सूचनेचा मेल ज्या पत्त्यावर जातो, तो पत्ता वापरणारा माणूसच कॉलेज सोडून गेला असेल तर ते कळणार कुणाला? फेस्टच्या साइट एकामागून एक मरतात त्या यामुळेच. दर वर्षी नवं डोमेन, नवी साइट, आणि जुन्या फेस्टचे फोटो, निकाल, स्पॉन्सरची नावं, पेपर प्रेझेंटेशनचे विषय, सगळं गुल. आपल्याआधी इथे कुणी काय केलं, याचा पत्ताच पुढच्या बॅचला लागत नाही.

म्हणून स्टाफला आणि जिमखान्याला एक विनंती आहे. डिपार्टमेंट आणि क्लब यांच्या साइटना कॉलेजच्याच डोमेनखाली जागा द्यावी. डॉट एसी डॉट इन आणि डॉट एज्यु डॉट इन ही डोमेनं अर्नेटमार्फत संस्थेच्या नावावर असतात. विद्यार्थी पास होऊन गेला तरी ती जात नाहीत आणि उपडोमेनला वेगळा खर्चही नाही. फेस्टला स्वतंत्र नाव हवंच असेल, तर ते पदाच्या ई-मेलवर घ्यावं, कुणाच्या वैयक्तिक मेलवर नको. रिन्यूअलची तारीख ऑफिसच्या रजिस्टरमध्ये असावी. जनरल चॅम्पियनशिपचा करंडक जसा सही घेऊन पुढच्या सेक्रेटरीच्या ताब्यात देतात, तसेच डोमेन, होस्टिंग आणि बॅकअप यांचे पासवर्डही सही घेऊन द्यावेत, आणि नव्याने ते त्याच दिवशी बदलावेत.

आणि बाहेरची कामं घेणाऱ्या मित्रांनो, गिऱ्हाइकाचं डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या मेलवर, त्याच्या पैशाने घ्या. शेवटचे पैसे घेताना एका कागदावर सगळे तपशील लिहून त्याच्या हातात द्या. दहा मिनिटांचं काम आहे. एवढं केलंत की होस्टिंग ७९ रुपयांचं घ्या नाहीतर ७९० चं, काही फरक पडत नाही. उद्या कंपनी बुडाली काय, विकली गेली काय, भाव तिप्पट केला काय, तुम्ही नसलात तरी त्याची साइट दुसरा कुणीही मुलगा एका दुपारी उचलून दुसरीकडे मांडू शकेल.